हडकरांचा सेल

आमच्या मजल्यावरचे हडकर दारावर यायचे ते कांदा मागायला नाही, कांद्याचा पापुद्रा मागायला. “कांदा ठेवा तुम्हाला, वहिनी. आतला पातळ पापुद्रा तेवढा द्या. नखाएवढा.”

पहिल्यांदा मागितला तेव्हा वाटलं, एकटं राहून डोकं फिरलंय. नंतर कळलं, फिरलेलं आधीपासूनच होतं.

हडकर एका शाळेच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. शाळेने जुना सूक्ष्मदर्शक मोडीत काढला, तो यांनी घरी आणला. आमच्या सिल्व्हर पार्कात लोक टीव्ही ठेवतात त्या जागी तो ठेवलाय, वर क्रोशाचा रुमाल घालून.

मी चौथी पास, पण पेशींचा इतिहास मला पाठ आहे. जिन्यात भेटले की सुरू. “एक होता बूचवाला. बुचाचा पातळ काप भिंगाखाली धरला, तर आत रिकाम्या खोल्याच खोल्या! नाव ठेवलं सेल. म्हणजे साधूची खोली.” मग कापडवाला. “भिंगं धागे तपासायची, आणि बघितली काय, तर स्वतःच्या दातांवरची घाण! त्यात जीव वळवळत होते, वहिनी!” मग दोन दोस्त, झाडवाला आणि जनावरवाला. जेवण झाल्यावर गप्पा मारताना त्यांना उमगलं, झाड असो की जनावर, सगळं पेशींचंच. मी शंका काढली की यांचं बोट वर. “आधी बघा, मग बोला!”

पण बघायला कुणी जायचं नाही. कुणीतरी एकदा त्या नळीला डोळा लावावा, एवढीच त्यांची मागणी.

शेवटी त्यांनी खाली फळ्यावर कागद लावला. अक्षरं एकमेकांवर चढलेली. ‘रविवारी सकाळी दहा वाजता माझ्याकडे सेल. सर्वांनी यावे.’

मिरा रोडला सेल म्हटल्यावर कोण थांबतंय? दहाच्या आत बारा बायका दारात, हातात पिशव्या. सगळ्यांत पुढे खालच्या मजल्यावरच्या नयनाबेन.

“काका, कितना परसेंट?”

“सौ परसेंट!” हडकर खूश. “आप पूरे के पूरे सेल हो, नयनाबेन!”

“हाय हाय! मैं सेल में?”

पाच मिनिटांत घर रिकामं. मी राहिले, कारण माझे गुडघे इतक्यात उठू देत नव्हते.

“बसलाच आहात तर बघा,” हडकर म्हणाले. स्वतः आधी डोळा लावला. “वा! काय स्पष्ट! विटांची भिंत जशी.”

मी बघितलं. काळोख. वाकून पाहिलं तर खालचा आरसा भिंतीकडे तोंड करून, काच कोरी, आणि सकाळी मी दिलेला पापुद्रा यांच्या बाहीला चिकटलेला.

“हडकर, तुम्हाला दिसत नाही.”

मला आडून बोलता येत नाही. ते खुर्चीवर बसले.

“कडेचं दिसतं,” ते म्हणाले. “मधलं गेलं. दीड वर्ष झालं. डॉक्टर म्हणतात, परत येणार नाही. तुम्हालासुद्धा साडीवरून ओळखतो. कुणी बघून सांगितलं असतं, तर मला आठवलं असतं.”

“मग तसं सांगायचं ना! सेल कसले लावता?”

पापुद्रा मी काचेवर ठेवला. ते सांगत गेले तसा आयोडीनचा थेंब टाकला, आरसा खिडकीकडे वळवला, चाक फिरवलं.

“काय दिसतं?”

“विटाबिटा काही नाहीत. भाईंदरची मिठागरं आहेत. चौकोनाला चौकोन लागून. आणि प्रत्येकात एक ठिपका, माणूस उभा असावा तसा.”

“केंद्रक!” हडकर खुर्चीतून उठलेच. “मधोमध उभा आहे?”

“एखाददुसरा. बाकीचे कामचुकार, बांधाला टेकलेत.”

इतके हसले, की डोळे पुसावे लागले.

आता पापुद्रा मीच घेऊन जाते. हातातला स्वयंपाक टाकून जावं लागतं, पण जाते. कधी कांदा, कधी पानाची साल. नळीला डोळा लावते न लावते तोच मागून आवाज येतो, “बोला, वहिनी, बोला.”

मी बोट वर करते, त्यांना कडेने दिसेल असं. “आधी बघू तर द्या!”