पंचामृतातला डॉलर

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सुधाकर ऑफिसातून घरी आला, तेव्हा त्याचा एकशे चव्वेचाळीस वर्षांचा चांदीचा डॉलर दह्यात पडला होता.

नुसत्या दह्यात नव्हे. दूध, तूप, मध आणि साखरही होती. नीलांबरी देवासमोर बसून पळीपळीने त्याला स्नान घालत होती. न्यूझीलंडमध्ये, हॅमिल्टनच्या रोटोटुना भागात ऑक्टोबरात संध्याकाळी सहा वाजताही चांगलं ऊन असतं, त्यामुळे पणत्यांचा उजेड काही पडत नव्हता. डॉलर मात्र स्वच्छ दिसत होता. नको इतका स्वच्छ.

"अगं, हे काय?"

"लक्ष्मी. दुसरं काय? आधी बूट काढा."

"तो माझा डॉलर आहे!"

"मग? पूजेला चांदीचं नाणं लागतं. आईनं दिलेलं पुण्याला लॉकरमध्ये राहिलं, हे इथं कपाटात लोळत होतं. आणि बघा तरी नीट! एका बाजूला देवी, दुसऱ्या बाजूला गरुड. म्हणजे साक्षात विष्णूचं वाहन. अमेरिकन लोकांना एवढी अक्कल असेल असं वाटलं नव्हतं मला."

"ते सीलबंद डबीत होतं, नीलू!"

"हो ना, मेली उघडतच नव्हती. शेवटी बत्ता घातला."

सुधाकर बूट न काढताच खाली बसला. "आणि... घासलंस?"

"मग काय पारोसंच पुजायचं? आधी चिंच लावली, मग दंतमंजन. कसलं लखलखतंय!"

"डॅड, इट्स सो मच शायनियर," बारा वर्षांची सिद्धी सोफ्यावरून म्हणाली. आईची बाजू घ्यायची तर ती इंग्रजीतच घ्यायची, असा तिचा शिरस्ता होता.

आता नाणी जमवणाऱ्यांचा एकच धर्म असतो: जुनं नाणं घासायचं नाही. ते पुसायचं नाही, फुंकायचं नाही, शक्यतो त्याच्याकडे मोठ्याने बघायचंसुद्धा नाही. सुधाकरच्या डॉलरला तर तज्ज्ञांनी तपासून सत्तरपैकी पासष्ट गुण दिले होते. टाकसाळीतून निघाल्यापासून कुणाचा हातही न लागल्यासारखा. दीड शतक जगून अंगावर ओरखडा नाही, म्हणजे असा दुसरा जगात नसणारच, हा हिशेब सुधाकरने स्वतःचा स्वतःच केला होता.

या डॉलरवर त्याची फार मोठी आशा होती. हॅमिल्टनला येऊन चार वर्षं झाली, पण ऑफिसात, जिममध्ये, कोपऱ्यावरच्या डेअरीत सगळे त्याला 'मेट', म्हणजे दोस्त, म्हणत. पहिलं वर्षभर त्याला ते प्रेमाचं वाटलं. मग लक्षात आलं, की नाव माहीत नसलेल्या प्रत्येक माणसाला इथं मेटच म्हणतात. पुण्याला सोसायटीच्या गणपतीत माइक हातून न सोडणाऱ्या माणसाला हे फार लागलं होतं. म्हणून तो इथल्या नाणेसंग्राहकांच्या मंडळात शिरला. येत्या शनिवारी तो बोलणार होता, आणि मंडळाच्या पत्रकात चक्क छापलं होतं: 'अमेरिकेचा दुर्मीळ डॉलर. सादरकर्ते: सुधाकर.' ते पत्रक त्याने फ्रिजवर लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने मनाचा हिय्या करून ऑकलंडच्या एका विक्रेत्याला फोन लावला.

"अठराशे एक्क्याऐंशीचा, सॅन फ्रान्सिस्कोचा डॉलर... पासष्ट गुणांचा... चुकूनमाकून एखादा मिळेल का हो?"

"मिळेल की," पलीकडचा जांभई देत म्हणाला. "किती देऊ?"

सुधाकरने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दहा घेतलेत तर भाव कमी करीन. पण लेबर वीकेंडची सुट्टी आलीय, मंगळवारच्या आत कुरिअर नाही."

त्याने फोन ठेवला. डॉलर गेल्याचं दुःख कालचं होतं; आता तो मुळात दुर्मीळ नव्हताच, हे नवीन दुःख सुरू झालं. "मी नाही जाणार शनिवारी," तो म्हणाला.

"जायचंय," नीलांबरी म्हणाली. "प्रत्येकाने खायला काहीतरी आणायचं असं त्या पत्रकातच लिहिलंय. माझ्या चकल्या तळून झाल्यात."

शनिवारी दुपारी लायब्ररीच्या हॉलमध्ये अकरा माणसं जमली होती. सुधाकर उठून डॉलर मखमलीवर ठेवतो न ठेवतो, तोच ऐंशीच्या घरातल्या ग्रेम नावाच्या सेक्रेटरीने कौतुकाने आपली पेटी उघडली. आत तसेच वीस डॉलर ओळीने झोपले होते. शेजारच्या बेरिलबाईंनी पर्समधून आणखी सहा काढले. सगळे कोरे करकरीत.

"छान विषय निवडलात, हे सगळ्यांकडे असतात," ग्रेम म्हणाला. "लाखांनी पाडले हो! पण एवढं जड नाणं खिशात कोण बाळगणार? पोती भरून सरकारी तिजोरीत पडून राहिले. म्हणून कोऱ्यांना काही तोटा नाही." मग त्याने चष्मा वर केला. "पण हे काय केलंत? आणि देवीच्या कपाळावर हे लाल काय?"

सुधाकरला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"कुंकू," चहाच्या टेबलाजवळून नीलांबरी म्हणाली आणि चकल्यांची प्लेट घेऊन पुढे आली. मग तिने सगळं सांगितलं: बत्ता, चिंच, पंचामृत, गरुड. विष्णू कोण इथपासून सुरुवात करावी लागली, पण ती डगमगली नाही. बेरिलबाई हसून हसून डोळे पुसू लागल्या. वाटोळं झालेलंच होतं, तेव्हा हातमोजे घालायचं कारण उरलं नव्हतं. डॉलर हातोहात फिरला, तुपकट बोटांनी सगळ्यांनी गरुड चाचपून पाहिला.

"चाळीस वर्षं झाली मंडळाला," ग्रेम म्हणाला, "पण कुणी कुणाच्या नाण्याला हात लावलेला मी पाहिला नव्हता. पासष्टवाले माझ्याकडे वीस आहेत. असं एकही नाही!"

सुधाकरची छाती फुगली. शेवटी डॉलर एकमेव ठरला तर! ग्रेमने वही उघडली, पुढल्या महिन्याचा वक्ता लिहायला पेन काढलं, तसा सुधाकर शर्ट नीट करून उभा राहिला.

"नी-लां-ब-री," ग्रेमने एकेक अक्षर विचारून, पुन्हा पुन्हा म्हणून पाहत लिहिलं. अकराही जणांनी एकदा एकत्र म्हणून बघितलं. बरोबर जमल्यावर टाळ्याही झाल्या.

मग ग्रेमने सुधाकरच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला.

"त्यांना गाडीतून आणून सोडशील ना, मेट?"