पोस्टमनच्या पिक्चरचा शेवट

कचरूनानांबरोबर सिनेमाला जायचं असेल तर स्वयंपाक करून, झाकून जावं, कारण परत कधी येणार ते सांगता येत नाही. पिक्चर संपतो, लोक उठतात, नाना उठत नाहीत. पडद्यावर नावं सरकत असतात. नट झाले, नाच बसवणारे झाले, मग दिवे धरणारे, जेवण पुरवणारे, गाड्या चालवणारे. त्यातलं शेवटचं नाव वर जाईपर्यंत नाना हाताची घडी घालून बसतात आणि बरोबरच्यालाही उठू देत नाहीत. झाडू घेतलेली दोन माणसं दारात उभी राहून आमच्याकडं बघत असतात. एकदा एकानं जरा लवकर दिवे लावले, तर नानांनी जागेवरूनच विचारलं, "लाईट कुणी लावली रं? रीळ संपलं का?" तो पोरसवदा माणूस, रीळ म्हणजे काय ते त्याला कुठून माहीत असणार! तो माझ्याकडं बघायला लागला आणि मी पडद्याकडं.

औरंगाबादच्या पुंडलिकनगरात आमच्या समोरच्या घरात, खालच्या दोन खोल्यांमध्ये नाना एकटे राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. जुन्या गावातल्या एका टॉकीजमध्ये त्यांनी जन्मभर ऑपरेटर म्हणून काम केलं, म्हणजे मशीनवर रीळ चढवून पिक्चर पडद्यावर टाकायचा. मूळचे पैठणकडचे. तिथल्या जत्रेत तंबूतल्या सिनेमाचं मशीन पुसता पुसता धंदा शिकले. टॉकीज पाडून तिथं मंगल कार्यालय उभं राहिलं त्यालाही बरीच वर्षं झाली, पण नानांच्या उजव्या हाताला ते अजून कुणी कळवलेलं नाही. दर अठरा-वीस मिनिटांनी तो हात आपोआप वर उठतो आणि हवेतला दांडा ओढून खाली येतो. एक रीळ संपलं, दुसऱ्या मशीनवरचं सुरू झालं. शेजारी बसलेल्या बाईच्या पॉपकॉर्नला त्या हातानं दोनदा फटका बसलाय. दोन्ही वेळा माफी मी मागितली.

आता अशा माणसाला नव्या पिक्चरचा राग असेल, तर त्यानं घरी बसावं की नाही? पण नाही. जुन्या पिक्चरवरून नवा काढला की नाना पहिल्या दिवशी हजर. भांडण झालेल्या भावकीच्या लग्नात जेवायला जावं, तसे जातात. आमच्या ह्यांना थिएटरातल्या थंड हवेत पाचव्या मिनिटाला झोप लागते, म्हणून नानांबरोबर मी जाते. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळं वाद घालायची सवय आहे, आणि नानांना वाद घालणारं माणूस लागतं. बाकी गल्ली त्यांना "व्हय नाना" म्हणून मोकळी होते.

"ह्ये पिक्चर नाय मॅडम, झेरॉक्स हाय," हे त्यांचं ठरलेलं. आणि दुसरं म्हणजे, "घासलेली का असंना, असल प्रिंट पाहिजे." मी म्हणते, नाना, आजच्या मुलांना जुना पिक्चर दाखवला तर दहा मिनिटांत मोबाईल काढतात, नव्या कपड्यात का होईना, गोष्ट तर पोचते त्यांच्यापर्यंत. मी तरी काय करते? आईची पुरणपोळी करते. ती तिच्यासारखी होत नाही, म्हणून करूच नको का? त्यावर नाना शांतपणे म्हणाले की तुमची पोळी म्या खाल्लीय, तवाच तर सांगतोय. त्यानंतर आठ दिवस मी त्यांच्याकडं पोळी काय, भाजीसुद्धा पाठवली नाही.

त्यांचे मुद्दे मात्र कधी कधी बिनतोड असतात. जुन्या पिक्चरमध्ये दोन भाऊ गर्दीत हरवले होते, नव्यातही हरवले. नानांनी अंधारात मला विचारलं, "खिशात मोबाईल असल्यावर माणूस हरवतोच कसा?" मी विज्ञानाची बाई, पण मी आधी पर्समधला मोबाईल चाचपून बघितला.

ह्या सगळ्यात एका पिक्चरला नानांकडं देवघरातली जागा होती. तो पोस्टमनचा पिक्चर. आम्ही लहान असताना तो नानांच्या टॉकीजला कितीतरी आठवडे चालला होता. गावात पत्रं वाटणारा पोस्टमन, त्याची लहान मुलगी जत्रेत हरवते, तो गावोगाव तिला शोधत फिरतो, आणि शेवटी पंधरा वर्षांनी एका स्टेशनावर ती त्याला गर्दीतून हाक मारते. तो मागं वळतो. समाप्त. मी तो आईच्या शेजारी बसून बघितलाय. सगळं टॉकीज डोळे पुसत आणि हसत बाहेर आलं होतं.

गेल्या महिन्यात त्याचाच नवा अवतार येणार अशी जाहिरात लागली. पोस्टमनचा आता पार्सल पोचवणारा केला होता. मला वाटलं, आता नाना पेटणार, निदान पंधरा दिवसांची करमणूक झाली. पार्सलवाल्याला दारात पाणी तरी कोण विचारतं, एवढं ते बोलले खरे, पण पहिल्या दिवशी मी तयार होऊन गेले तर लुंगीवरच बसलेले. म्हणाले, "म्या नाय येत."

मी विचारलं, बरं नाही का? मागच्या दिवाळीनंतर त्यांच्या छातीत दोन स्टेंट बसवलेत, म्हणून मला काळजी वाटली. तर तब्येत ठणठणीत होती. नुसते येणार नाही म्हणत होते. त्यात त्यांची मुलगी मंगल नाशिकहून सुट्टी काढून आली होती. ती तिथं नर्स आहे, माझ्याच वयाची, एकदम कडक बाई. तीही म्हणत होती की बाबा, लहानपणी तुमच्या केबिनमध्ये बसून बघितलेला पिक्चर आहे, चला, मी तिकिटं काढते. तर नाना चक्क चिडले आणि आत जाऊन झोपले. दुपारी बारा वाजता.

घरी येऊन मी हे आमच्या ह्यांना सांगितलं. हे जालन्याचे. म्हणाले, बरोबर आहे त्यांचं, शेवटी पोस्टमन मरतो ते ह्या वयात कशाला बघायचं? मी म्हटलं, मरतो कुठं? झालं. पंचवीस वर्षं आमच्या संसारात दबलेलं भांडण परत वर आलं. ह्यांचं म्हणणं, मुलगी भेटते आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून पोस्टमन प्राण सोडतो. त्यांच्या अख्ख्या कुटुंबानं जालन्यात डोळ्यांनी बघितलंय. माझं म्हणणं, मी इथं आईबरोबर बघितलाय, तो मुळीच मेला नाही. शेवटी ह्यांनी मोबाईलवर जुना पिक्चर लावून शेवट माझ्या नाकासमोर धरला. पोस्टमन मेला. चांगला तीन-चार मिनिटं बोलून, खोकून मेला. मला इतका राग आला की मी तो मोबाईल उशीखाली दाबून ठेवला. माझं सोडा, आई मरेपर्यंत ज्याला जिवंत म्हणत होती तो माणूस मेला कसा?

ह्याचा छडा लावायला मी शहागंजला गेले. तिथं वहाबभाईंच्या मुलाचं चपलांचं दुकान आहे. वहाबभाई नानांच्या टॉकीजचे डोअरकीपर, नानांचे जन्माचे दोस्त. आता दिवसभर दुकानाच्या पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला, तिकीट तपासल्यासारखं, वरपासून खालपर्यंत बघत असतात. मी आधी एक चप्पल घेतली, मग मंगल आलीय आणि नाना पिक्चरला येत नाहीत हे सांगून शेवटाचं विचारलं. वहाबभाईंनी मुलाला चहा सांगायला पाठवलं आणि आवाज खाली आणला.

"किसी को बोलो नक्को मॅडम. ते नानानं कापलं होतं. कैंची मीच आणून दिली."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मंगल तेव्हा सहा वर्षांची. तिची आई जाऊन चार महिने झाले होते. घरी बघायला कुणी नाही, म्हणून नाना तिला संध्याकाळच्या खेळाला केबिनमध्ये स्टुलावर बसवायचे. ती तिथंच डबा खायची आणि भिंतीतल्या भोकातून पिक्चर बघायची. पोस्टमनचा पिक्चर लागला त्या पहिल्या संध्याकाळी तिनं शेवट बघितला आणि किंचाळायलाच लागली. आई गेली, आता बाबा पण मरणार, एवढंच म्हणत होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोरीनं अन्नाला शिवलं नाही. तेव्हा नानांनी तिला सांगितलं की मी मुंबईला तार केलीय, पोस्टमनला मारू नका म्हणून. आजपासून नाय मरणार तो. आणि खेळाच्या आधी केबिनचं दार लावून शेवटच्या रिळातला मरणाचा तुकडा कापून काढला. तीनशे फूट. मधलं जाऊन 'समाप्त' सरळ हाकेला येऊन चिकटलं.

संध्याकाळी मंगलनं भोकातून बघितलं. पोस्टमन वळला आणि पिक्चर संपला. पोरीनं पूर्ण डबा खाल्ला.

मी विचारलं, कुणाला कळलं नाही? वहाबभाई म्हणाले की मालक पिक्चर थोडाच बघायचा. पब्लिक हसत बाहेर येतंय, एवढंच बघायचा. पहिल्या दिवशी ज्यांनी मरण बघितलं होतं त्यांना बाकीच्यांनी वेड्यात काढलं. आणि प्रिंट पुढं जालन्याला जायच्या आदल्या दिवशी नानांनी तो तुकडा नीट जोडून दिला. कंपनीचा माल होता, एक फूट कमी जाऊ दिला नाही. म्हणजे पोस्टमन औरंगाबादेत जगला आणि जालन्यात मेला, आणि माझ्या घरात पंचवीस वर्षं त्यावरून भांडणं झाली.

"पोरगी आजपर्यंत तेच समजते, तार केली म्हणून," वहाबभाई म्हणाले. "आता ती बाजूला बसणार, आणि पडद्यावर बाप मरणार. ह्या वयात नाना तार कुणाला करणार?"

मी नवी चप्पल हातात घेऊन रिक्षात बसले आणि मला रडू आलं. असलच्या नावानं सगळ्यांशी भांडणारा हा माणूस, आणि त्याच्या देवघरातला पिक्चर त्यानं स्वतःच कापलेला. एरवी मी असली गंमत हातची सोडली नसती. त्या दिवशी घरी जाऊन ह्यांनाही सांगितलं नाही.

पण मंगल कसली ऐकते! दोन दिवसांनी तिनं तीन तिकिटं काढली, बापाला स्वतः इस्त्री केलेला सदरा घातला आणि आम्हाला दुपारच्या खेळाला घेऊन गेली. मध्ये नाना, एका बाजूला मंगल, दुसऱ्या बाजूला मी. पिक्चर तसा वाईट नव्हता. पार्सलवाला चांगला होता, मुलगी गोड होती. मी मुद्दाम एक-दोन चुका काढून बघितल्या, नानांनी साथ दिली नाही. हात मात्र वेळेवर उठत होता. मी मनात रिळं मोजत होते.

शेवटचं रीळ लागलं. तेच स्टेशन, आता सरकते जिने असलेलं. गर्दीतून मुलीनं हाक मारली. नानांचा हात खुर्चीच्या दांड्यावर असा आवळला होता की मी घाबरले. मला ते स्टेंट आठवले. पडद्यावरचा बाप मागं वळला.

आणि मंगल उभी राहिली. भर अंधारात, मागचे लोक ओरडत असताना, तिनं पदर सावरला आणि बापापुढं हात केला.

"चला बाबा. संपला पिक्चर."

नाना खालून तिच्याकडं बघत राहिले. "संपला?"

"व्हय. आपल्या टॉकीजला इथंच संपायचा."

ज्या माणसानं जेवण पुरवणाऱ्याचं नाव गेल्याशिवाय कधी खुर्ची सोडली नाही, तो उठला. मंगलनं त्यांचा हात धरला, पायऱ्या उतरवल्या. मी मागून चप्पल शोधत निघाले. पाठीमागं पडद्यावर कुणीतरी खोकायला लागलं होतं. बाहेर पडल्यावर नानांनी तेवढ्यातही मागं वळून दार हलक्या हातानं लावलं, आत उजेड जायला नको म्हणून.

बाहेरच्या बाकावर त्यांना बसवलं. मी पाणी आणायच्या निमित्तानं चार पावलं लांब गेले, पण कान तिथंच होते.

"कवा कळलं तुला?" नानांनी विचारलं.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, मंगल म्हणाली. सासरी टीव्हीवर लागला होता. सगळ्यांसमोर इतकी रडले की सासूबाई घाबरल्या.

"मग बोलली का नाय मला?"

मंगल त्यांच्या सदऱ्याची कॉलर नीट करत होती. "तुम्ही एवढी तार केली होती माझ्यासाठी," ती म्हणाली. "ती खोटी कशी पाडू?"

नानांनी खिशातून रुमाल काढून आधी चष्मा पुसला, मग डोळे, मग परत चष्मा. मी पाणी दिलं ते प्यायले. आतून लोक बाहेर यायला लागले होते, नाकं पुसत. न राहवून मी नेहमीचा प्रश्न विचारला, की कसा वाटला नाना, झेरॉक्स?

नाना उठले, मंगलच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाकी ठीकच हाय," ते म्हणाले. "पण मॅडम, शेवट असल केलाय."