सूचनेच्या खांबावरची दोनशे चौदा कालवं

परवाना कार्यालयातल्या साहेबांनो, चूक तुमची आहे, मिस्त्रीची नाही. आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे वाचताना उगाच भोळा चेहरा करायला नको.

मिस्त्री म्हणजे होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस. तीस वर्षं वाकून वाकून कंबर कामातून गेली. डॉक्टर म्हणाले, "आता वाकणं बंद." म्हणजे धंदाच बंद. तेव्हा त्याने ठरवलं, खाडीच्या उथळ पाण्यात दोर सोडायचे आणि कालवं वाढवायची, म्हणजे ते दगडाला घट्ट चिकटून बसणारे शिंपले. दोर ओढायला बायकोचे हात दणकट होते. फक्त परवाना हवा होता.

खिडकीतल्या कारकुनाने नियम काढला. "प्रकल्पाच्या जागी तीस दिवस सूचना लावायची. लोकांना हरकत घेता आली पाहिजे."

"जागा पाण्यात आहे हो, भाऊ."

"मग पाण्यात लावा."

दुसरा कुणी चिडला असता. मिस्त्रीला कुतूहल वाटलं. बंद पडलेलं यंत्र दिसलं की ते आत नेमकं कुठे अडलंय, हे पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

त्याने पाण्यात सिमेंटचा खांब रोवून पाटी लावली. भरतीला पाटी बुडाली. कारकून म्हणाला, "सूचना भिजली. दिवस पुन्हा पहिल्यापासून." मिस्त्रीने पाटी वर चढवली. "किनाऱ्यावरून वाचता येत नाही. पुन्हा पहिल्यापासून." अक्षरं मोठी केली. वर्ष गेलं.

मग जनसुनावणी झाली. पहिल्या रांगेतल्या आजीबाईंनी विचारलं, "ही कालवं रात्री ओरडतात का रे?"

"नाही, आजी."

"मग दिवसा?"

निवृत्त पोस्टमास्तर उठले. "माझ्या खिडकीतून दिसणारा समुद्र बिघडणार!"

"मास्तर, ती पाण्याखाली असणार. दिसणारच नाहीत."

"नसू देत. मला माहीत असेल ना!"

ही हरकत नोंदवली गेली. तिचा अभ्यास करायला समिती नेमली. समितीच्या अध्यक्षांची बदली झाली. नवे आले, त्यांनी अभ्यास पहिल्यापासून सुरू केला. निकाल लागेपर्यंत खांब हलवायचा नाही, हलवला तर अर्ज रद्द, अशी लेखी ताकीद होती. मिस्त्रीने खांबाला बोटही लावलं नाही.

तिसऱ्या वर्षी फाइल परत आली. वर शेरा होता : 'या पाण्यात कालवं वाढतात याचा पुरावा जोडावा.'

"वाढवून दाखवू का?" मिस्त्रीने विचारलं.

"परवान्याशिवाय?" कारकून दचकला. "भलतंच काय!"

घरी बायकोने ऐकून घेतलं आणि हातातलं भांडं आपटलं. "कंबर गेली, आता डोकंही घालवून बसा. पुढच्या महिन्यापासून मी कोळंबी सोलायच्या कारखान्यात जाते. दहा तास उभं राहायचं. मग माझीही कंबर जाईल, दोघं मिळून झोपून राहू!"

 

आठच दिवसांत नोटीस आली. पाटी जागेवर आहे का ते बघायला निरीक्षक होडीने गेले होते. 'सूचनेच्या खांबावर तळहाताएवढी दोनशे चौदा कालवं आढळली. हे विनापरवाना संवर्धन आहे. कारवाई का करू नये, याचा खुलासा करावा.' मिस्त्रीने ती बायकोला वाचून दाखवली.

बायकोने नोटीस हिसकावून घेतली. एकदा वाचली, पुन्हा वाचली.

"अहो, ही मोजली कुणी?"

"त्यांच्याच निरीक्षकाने."

"आणि हा शिक्का?"

"त्यांचाच."

"मग पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून तोंड पाडून काय बसलाय? हा घरपोच आलाय की! घ्या पेन."

मिस्त्रीने तीच नोटीस पुरावा म्हणून अर्जाला जोडली. खुलाशात लिहिलं, 'या पाण्यात कालवं वाढत असतील तर परवाना द्यावा. वाढत नसतील तर नोटीस मागे घ्यावी.'

त्याला चाळीस दिवस झाले. बायकोने कारखान्यातल्या मुकादमाला थांबायला सांगितलंय, पण तो किती थांबणार? साहेबांनो, इथे ना समिती लागते ना सुनावणी. तुमच्याच माणसाने मोजलीत. वाढतात की नाही? एका शब्दात उत्तर द्या.