ती हवा बायकांच्या ट्रिपची नाय

तुम्ही कुठे निघालात हे आमच्या जनूशेठना चुकूनही सांगू नका. सांगितलंत, तर ते "कधी?" विचारणार नाहीत, "कशानं?" विचारणार नाहीत. ते डोळे वटारून विचारतील, "कशाला?"

म्हणजे हनिमूनला, देवाला, पोरांच्या सुट्टीला, की आजारातून उठल्यावर हवापालट म्हणून? एकाच गावाची हवा एका कामाला अमृत आणि दुसऱ्या कामाला विष, असं त्यांचं शास्त्र आहे. बरं, ते हळू सांगावं की नाही? नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत ते तळमजल्यावर राहतात, दारासमोरच्या बाकावर बसतात, आणि तिथून दिलेला निकाल चौथ्या मजल्यावर भाजी चिरताना मला ऐकू येतो.

"महाबळेश्वर? नव्या जोडप्याला एक नंबर. गारठ्यात भांडन होत नाय. पन भजनी मंडळ नेलंस तर गळे बसतील, मंग देव काय ऐकनार?"

"अलिबागला पोरांना न्या, सासूला नाय. घामानं मानूस चिडतं, नि लग्नातलं मानपान निघतं."

कुलकर्ण्यांचा मुलगा नव्या नवरीला घेऊन मनालीला निघाला, तेव्हा गाडी गेटशी उभी, बॅगा डिकीत, आणि हे गृहस्थ बाकावरून ओरडले, "डिसेंबरात? अरे, चार-चार स्वेटर घालून कोन हनिमून करतं?" ती पोरगी लाजून जी वर पळाली, ती खाली यायलाच तयार होईना. ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होता. मला हसू आलं नाही. मला संताप आला.

कारण हा माणूस स्वतः कुठे जातो? मासळी बाजारात जातो आणि पापलेट महाग झालं म्हणून बोंबलत परत येतो. विचारलं की उत्तर तयार, "आमच्या बापाचं मिठागर होतं. वारा फिरला की अख्खं मीठ जायचं. हवा मला शिकवू नको." अहो, पण मिठाला हनिमूनला जायचं नसतं!

आमच्या महिला मंडळाच्या सहली मी काढते. या जानेवारीत तारकर्ली ठरवली. मोठी बस सांगितली, घरगुती जेवणाची खानावळ शोधली, कोणाला खिडकी आणि कोणाला उलटी होते म्हणून पुढची जागा, सगळं जमवलं. आणि निघायच्या आठवड्यात बाकावरून निकाल आला.

"तारकर्ली? कशाला? बायकांच्या ट्रिपला? ती हवा बायकांच्या ट्रिपची नाय! वारा केस उडवतो. केस उडाले की फोटो बिघडतो, फोटो बिघडला की बाई बिघडते. भांडत परत याल."

दुसऱ्या दिवसापासून एकेकीचे फोन. हिला सर्दी, तिची नणंद येणार. सावंतीण तेवढी खरं बोलली, "अगं, जनूशेठ म्हणतात हवा मानवायची नाही." बसची छोटी गाडी झाली. आम्ही उरलेल्या जणी हट्टानं गेलो, आणि हवा अशी होती, की काय सांगू! ऊन कोवळं, पाणी आरशासारखं, वारा अगदी अंगाला लागेल न लागेल असा. तिथे उभी राहून मी फोटोवर फोटो काढले, ते फक्त एका माणसाच्या नाकासमोर धरायला.

परत आले ती बॅग जिन्यात टाकून थेट जनूशेठच्या दारावर. ते कोणाला घरात घेत नाहीत. मी विचारलंच नाही, फोन पुढे धरून आत घुसले. "हे बघा! ही बघा तुमची हवा!"

आत खिडकीला लागून पलंग होता. हिराकाकू, म्हणजे जनूशेठची बायको, त्यावर उशांना टेकून बसल्या होत्या, नाकाला नळी, बाजूला ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. काकूंना दमा आहे एवढं सगळ्यांना माहीत होतं. इतका आहे, हे कोणाला माहीत नव्हतं.

"चौथ्या माळ्यावरची बाय का?" काकू म्हणाल्या. "आलीस ट्रिपवरून? कशी होती हवा?"

जनूशेठ दाराशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. नको, म्हणून.

माझा राग उतरला नव्हता, खरं सांगते. पण तोंडातून निघालं, "भिकार होती, काकू. नुसता वारा. केसात वाळू, जेवणात वाळू. एक फोटो धड नाही."

"मी काय बोललो होतो?" जनूशेठ एकदम गरजले. "थांब ताय, चाय टाकतो." आणि आत गेले.

काकूंनी माझं मनगट धरलं. "आता खरं सांग. लवकर. म्हातारा चाय पटकन करतो."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?" मी विचारलं.

"मी बहिरी हाय का? ही खिडकी, तो बाक. बसायला त्याला दुसरी जागा नाय? मला फिरायची लई हौस. आमच्या बॅगा भरल्या नि मी आजारी पडले. तवापासून मेल्यानं एक गाव बिनखोडीचं ठेवलं नाय."

"मग सांगा ना त्यांना, तुम्हाला कळलंय म्हणून!"

"नको गं. मंग तो भांडनार कोनाशी? हितं माझ्यासमोर बसून रडत राहील."

मी फोन उघडून दिला. काकू एकेका फोटोवर थांबत होत्या, श्वास घेत होत्या, पुढचा काढत होत्या. "एवढं साफ पानी? तळ दिसतो की गं," त्या कुजबुजल्या. आतून कपांचा आवाज आला तसा त्यांनी फोन गोधडीखाली सरकवला.

"बरं झालं ओ, आपन नाय गेलो," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"मंग!" जनूशेठनी ट्रे टेबलावर ठेवला. "तुला तर ती हवा मुळीच मानवली नसती."

चहात साखर घालायला ते विसरले होते. मी तो तसाच प्यायले, आणि खिडकीकडे तोंड करून, सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात, तारकर्लीच्या हवेला आणखी दोन शिव्या घातल्या.