बारा पॉइंट, बिनमिठाचे

“तीन दिवस? अहो, माझ्या तक्त्यावर मी तीस दिवस राहीन आणि वर समाधानाची ढेकरही देईन!”

आहारतज्ज्ञ बाईंनी हे वाक्य रुग्णालयाच्या आहार विभागात, चार सहकाऱ्यांसमोर, कमरेवर हात ठेवून म्हटलं. चार माणसांसमोर म्हटलेलं वाक्य गिळता येत नाही, हे बाईंना पुढच्या तीन दिवसांत कळायचं होतं. तूर्तास त्या तावात होत्या.

ताव पॉइंटांचा. आहारतज्ज्ञ एकदा पास झाला की सुटला, असं तुम्हाआम्हाला वाटतं. तसं नसतं! दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायचं आणि त्यासाठी शिकत राहायचं. व्याख्यानं ऐकायची, ऑनलाइन कोर्स करायचे आणि पॉइंट जमवायचे. बाईंना साठ हवे होते. जमले होते अठ्ठेचाळीस. महिना संपायला आठ दिवस राहिले होते. तेवढ्यात बारा पॉइंट मिळाले नाहीत तर नोंदणी रद्द, सहीचा अधिकार बंद, आणि कालपरवाच्या पोरींच्या शेजारी बाकावर बसून पुन्हा परीक्षा! वीस वर्षं दुसऱ्यांच्या ताटावर राज्य केलेल्या बाईंना त्या विचारानंच दरदरून घाम फुटायचा.

बारा पॉइंट देणारा एकच कोर्स उरला होता. नाव, ‘रुग्णाच्या जागी तीन दिवस’. आपणच एखाद्या रुग्णाला लिहून दिलेला आहारतक्ता घ्यायचा आणि तीन दिवस तसाच्या तसा पाळायचा. प्रत्येक ताटाचा फोटो टाकायचा. घरच्यांचं वागणं रोज डायरीत लिहायचं, आणि ते नैसर्गिक राहावं म्हणून घरात कोणालाही काही सांगायचं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता परीक्षकबाई व्हिडिओ कॉल करून घरच्या माणसाशी बोलणार. आधी बोभाटा झाला तर पॉइंट शून्य. हा नियम ज्यानं केला त्याच्या घरी सासू नसावी.

बाईंनी किडनीच्या रुग्णाचा तक्ता निवडला. मीठ बंद, पाणी दिवसाला एक लिटर, केळं नाही, टोमॅटो नाही, बटाटा दोनदा पाणी बदलून उकडलेला. संगणकानं ‘रुग्णाचे नाव’ हा रकाना रिकामा सोडू दिला नाही, म्हणून तिथे स्वतःचं नाव घातलं. ‘आजार’ या रकान्यात आधीपासूनच लिहिलेलं होतं, मूत्रपिंड विकार, टप्पा चौथा. छापील तक्ता घेऊन त्या घरी आल्या.

आणि सकाळी त्यांनी काय केलं? वीस वर्षांत हजारो रुग्णांना त्यांनी एकच गोष्ट बजावली होती, “तक्ता पाकिटात घालून ठेवू नका, फ्रिजवर लावा.” डोकं अजून अर्धवट झोपेत होतं, पण हातांना सवय होती. हातांनी चुंबक घेतलं, तक्ता फ्रिजच्या दारावर बरोबर डोळ्यांच्या उंचीवर लावला, आणि बाई डबा भरून कामावर गेल्या!

दुपारी त्यांनी डबा उघडला. बिनमिठाचा भात, बिनमिठाची उकडलेली भाजी, अंड्याचा नुसता पांढरा भाग. पहिल्या घासाला बाई थबकल्या. दुसऱ्या घासाला त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. ओला पुठ्ठा चावल्यासारखं वाटत होतं. आपण हे माणसांना लिहून देतो? पण चार जण समोर बसून बघत होते, म्हणून बाईंनी हसत हसत डबा संपवला.

संध्याकाळी घरी पोचल्या तर सासूबाई दारातच उभ्या. डोळे लाल.

“आलीस? पर्स दे इकडे. बस. आजपासून स्वयंपाक मी करणार.”

“पण आई, तुमचे गुडघे...”

“गुडघ्यांचं काय घेऊन बसलीस!” सासूबाईंनी पर्स ओढूनच घेतली. “तू फक्त आराम कर.”

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. सासूबाईंनी बाईंच्या हातून पर्स घेण्याची ही पहिलीच वेळ. नवरा आला तोही न बोलता. त्यानं स्वतः भांडी घासली, आणि घासताना नाक ओढत होता. ताटात तक्त्यातलंच जेवण होतं, आणि चकित व्हावं असं की सगळ्यांनी तेच घेतलं होतं. बाईंनी भीतभीत घास घेतला आणि काय सांगू! भात छान लागला! भाजीला तर चक्क चव होती.

बाईंनी डायरीत लिहिलं: ‘बिनमिठाच्या जेवणाची सवय जिभेला अवघ्या आठ तासांत होते. कुटुंबाचे सहकार्य उत्तम. रुग्णांच्या तक्रारी अतिशयोक्त.’

दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन रुग्णांना झापलं. एक आजोबा म्हणाले, “बाई, बिनमिठाचं घशाखाली उतरत नाही हो.” बाई कडाडल्या, “आजोबा, मी स्वतः खाते! नाटकं बंद करा!” या विषयावर परिषदेत एक निबंध वाचायचाही त्यांनी बेत केला. शीर्षकसुद्धा ठरलं.

इकडे घरात काय चाललं होतं, ते तुम्ही ओळखलंच असेल. सासूबाईंनी पहिल्याच सकाळी नऊ वाजता चष्मा लावून फ्रिज वाचला होता. त्या मटकन खाली बसल्या. मग त्यांनी मुलाला फोन केला आणि बजावलं, “तिनं आपल्यापासून लपवलंय. तिला कळू द्यायचं नाही आपल्याला कळलंय ते! कोणाला बोलू नकोस.” एवढं सांगून त्यांनी स्वतः लेकीला फोन केला, “कोणाला बोलू नकोस.” लेकीनं थोरल्या वहिनीला केला, “कोणाला बोलू नकोस.” दुपारपर्यंत न बोलणाऱ्यांचीच संख्या सतरा झाली होती. आणि मुलगा? आई बोलते ते शंभर टक्के खरं असं मानणारा तो माणूस. बायकोला एक प्रश्न विचारला असता तर सगळं मिटलं असतं, पण त्यानं रजा टाकली, बायकोकडे टक लावून पाहत राहिला, आणि दर अर्ध्या तासानं म्हणू लागला, “पाय दाबून देऊ?”

बाईंनी लिहिलं: ‘पतीचे वर्तन संशयास्पद. काहीतरी लपवत आहे.’

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पावणेसातला दारावर बेल वाजली. दारात थोरल्या जाऊबाई! हातात बॅग, काखेत फाइल. बाई दाराची कडी धरून उभ्याच राहिल्या. जाऊबाई दोन वर्षं त्यांच्याशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. कारण पुतणीच्या वाढदिवसाला बाईंनी केकच्या तुकड्याकडे बघून भर पाहुण्यांत तो किती ग्रॅमचा आणि किती कॅलरींचा ते जाहीर केलं होतं, आणि केक जाऊबाईंनी स्वतः केला होता.

“सरक,” म्हणत जाऊबाई आत आल्या. बाईंना खुर्चीत बसवलं. फाइल उघडली. “हे बघ. माझा रक्तगट ओ आहे. सगळ्या तपासण्या करून आलेय. एक तू घे.”

“काय एक?”

“किडनी गं! मला दोन आहेत. एक नुसती पडूनच असते!”

बाईंनी जाऊबाईंकडे पाहिलं. मग सासूबाईंकडे, त्या पदराआड रडत होत्या. मग नवऱ्याकडे, तो उघडउघड रडत होता. आणि मग त्यांचं लक्ष फ्रिजकडे गेलं, आणि त्यांच्या तोंडचं ते मोजकं एक लिटर पाणीही पळालं!

घड्याळात सात वाजायला दहा मिनिटं होती. दहा मिनिटं गप्प बसलं की बारा पॉइंट खिशात. आत्ता तोंड उघडलं की नोंदणी गेली. बाईंनी ओठ घट्ट मिटले. पण समोर ही बाई बसली होती, जिच्याशी दोन वर्षांत साधा नमस्कार झाला नव्हता, आणि ती आपल्या पोटातला अवयव काढून द्यायला बॅग भरून आली होती. बाईंना भडभडून आलं. आपण फार क्षुद्र आहोत असं त्यांना मनापासून वाटलं. नोंदणी गेली खड्ड्यात!

“जाऊबाई, मला काही झालेलं नाही! हा कोर्स आहे. पॉइंटांसाठी!”

जाऊबाईंनी त्यांचा हात हातात घेतला.

“असंच म्हणतात सगळे. धीर सोडू नकोस.”

“अहो खरंच! मी ठणठणीत आहे!”

“बघ आई, शेवटपर्यंत आपल्यालाच आधार देतेय,” नवरा हुंदका देत म्हणाला.

“शेवटपर्यंत काय रे, मेल्या!” सासूबाईंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि पुन्हा रडू लागल्या. बाईंनी उठाबशा काढून दाखवल्या. जाऊबाईंनी त्यांना दंडाला धरून परत बसवलं. खरं बोलून नोंदणी घालवायला माणूस तयार झाला आणि कोणी विश्वासच ठेवेना!

एवढ्यात कॉल आला. बाई हात पुढे करणार तोच जाऊबाईंनी फोन उचलला.

“डॉक्टर, किडनी मी देतेय! ऑपरेशनची तारीख सांगा!”

पडद्यावर परीक्षकबाईंनी चष्मा सारखा केला. मग त्यांनी कोर्सचं नाव, नियम, हेतू सगळं शांतपणे समजावून सांगितलं. दोनदा. दुसऱ्यांदा नवऱ्यासाठी. जाऊबाईंनी फाइल मिटली. मान खाली घालून बाईंनी परीक्षकबाईंना सांगितलं, “मॅडम, दहा मिनिटांपूर्वी मी सगळं सांगून टाकलं. नियम मोडला.”

“पण कोणाला पटलं का?”

“नाही.”

“मग मोडला नाही,” परीक्षकबाई म्हणाल्या. “इतकं नैसर्गिक कुटुंब मी आजवर पाहिलं नाही! आता शेवटचा प्रश्न, आणि हा सासूबाईंना. तीन दिवसांत तक्त्याबाहेरचं काही यांच्या पोटात गेलं का?”

सासूबाईंनी पदर तोंडाशी धरला.

“नाही म्हणजे... थोडं मीठ.”

“मीठ?” बाई किंचाळल्या.

“अगं, पहिल्या दिवशी डबा खाऊन आलीस तेव्हा तुझं तोंड केवढंसं झालं होतं! मला बघवेना. म्हटलं, दुखणं मोठं आहे, निदान पोरीनं दोन घास सुखानं खावेत. प्रत्येक भाजीत दोन चिमटी. भातात एक. आणि लोणीही थोडंसं.”

परीक्षकबाईंनी हसू दाबत सांगितलं की तीन दिवसांपैकी एकच डबा ग्राह्य धरता येईल. महिना संपायला चार दिवस आहेत, कोर्स पुन्हा करा. घरात आता सगळ्यांना माहीतच झालंय, तेव्हा लपवाछपवी नको. उलट घरातल्याच कोणीतरी जातीनं देखरेख करायची आणि प्रत्येक ताटाखाली सही करायची.

बाईंनी आशेनं सासूबाईंकडे पाहिलं. पण जाऊबाईंनी बॅग उघडून आपला चष्मा बाहेर काढला होता.

“मी थांबते,” त्या म्हणाल्या. “रजा किडनीसाठी घेतली आहे, आता कशालातरी वापरायलाच हवी.”

पुढचे तीन दिवस कसे गेले ते बाई कोणाला सांगत नाहीत. जाऊबाईंनी मिठाची बरणी उशाशी घेतली. सासूबाईंना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. पाणी मोजून दिलं आणि बाथरूमच्या नळाची तोटी काढून ठेवली. प्रत्येक घासाला समोर बसून त्या बघत राहायच्या आणि अधूनमधून प्रेमानं विचारायच्या, “किती ग्रॅम झाले गं?”

महिन्याच्या शेवटच्या दिवशी बारा पॉइंट जमा झाले. बाईंची नोंदणी पाच वर्षांसाठी पक्की झाली. प्रमाणपत्रं मात्र दोन आली. बाईंच्या प्रमाणपत्रावर ‘पूर्ण केले’ एवढंच लिहिलेलं होतं. जाऊबाईंच्या प्रमाणपत्रावर ‘विशेष प्रावीण्य’ होतं, आणि सोबत पत्र, की पुढच्या वर्षी हा कोर्स शिकवायला आपण याल का?