मोकळ्या मनाचं सॉफ्टवेअर

"आधी लोकांना विचारा, मग सॉफ्टवेअर बनवा," असं आमचे सर म्हणाले आणि मी विचारलं. पुढे जे काही झालं ते निव्वळ या आज्ञाधारकपणामुळे.

सर म्हणजे संध्याकाळच्या कॉम्प्युटर वर्गाचे. ते इतके तरुण आहेत की पहिल्या दिवशी मी त्यांनाच "बाळ, सर कुठे बसतात रे?" असं विचारलं होतं. ("इथेच," असं म्हणून ते फळ्याकडे गेले. तेव्हापासून मी शेवटच्या बाकावर बसतो.) दिवसा मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात बिलं काढतो. पाणी येवो न येवो, बिल येतंच, अशी आमच्या खात्याची कीर्ती आहे. ऑफिसात सगळं कॉम्प्युटरवर गेलं आणि मी चुकून एका दवाखान्याला तलावाचं बिल पाठवलं, तेव्हा बायकोच म्हणाली, "शिकून घ्या एकदाचं. नाहीतर साहेब घरी बसवतील, आणि घरी मला नकोय."

तर वर्षअखेरीला प्रत्येकाने एक प्रोजेक्ट करायचा होता. वर्गातल्या पोरांनी खेळांचे, सिनेमाच्या तिकिटांचे विषय पटापट उचलले. मी चष्मा पुसून वर बघेपर्यंत एकच विषय उरला होता: जुन्या जनगणनेच्या नोंदींमधून आपले पूर्वज शोधणाऱ्या लोकांसाठी सॉफ्टवेअर. असे लोक असतात हेच मला ठाऊक नव्हतं. आम्ही हयात नातेवाइकांना चुकवत फिरतो, आणि हे गेलेल्यांना शोधत बसतात!

अशी माणसं शहराच्या वाचनालयात मागच्या खोलीत सापडतात, असं कळलं. मी प्रश्नावली छापून घेतली आणि गेलो. खोलीत दोनच माणसं होती, आणि ती भांडत होती. एक रिटायर्ड पोस्टमास्तर. दुसऱ्या म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाई. भांडण पंख्यावरून होतं.

"पंखा लावला की माझे कागद उडतात," बाई म्हणाल्या.

"आणि नाही लावला तर माझा जीव उडेल!" पोस्टमास्तर म्हणाले.

हे भांडण बरीच वर्षं चालू आहे आणि दोघं एरवी एकमेकांशी एक अक्षरही बोलत नाहीत, असं ग्रंथपालांनी मला कानात सांगितलं. मी मधे उभा राहून प्रश्नावली वाटली. (कुठल्याही भांडणात मधे जाऊन उभं राहायचं ही माझी जुनी खोड.) 'तुम्हाला सॉफ्टवेअरमध्ये सर्वांत जास्त कशाची गरज वाटते?' या प्रश्नापुढे पोस्टमास्तरांनी ठळक अक्षरात लिहिलं, 'पंख्याची.' बाईंनी मात्र मला समोर बसवून समजावलं.

"हे बघा, जुन्या नोंदी करणारे कारकून महाबेफिकीर. नाव ऐकायचे एक, लिहायचे भलतंच. वय तर अंदाजपंचे. त्यामुळे तुमचं सॉफ्टवेअर काटेकोर नको. मोकळ्या मनाचं हवं."

कारकुनांवरचा वार मी निमूटपणे गिळला आणि 'मोकळं मन' असं टिपून घेतलं.

त्याप्रमाणे मी सॉफ्टवेअर केलं. आडनाव साधारण सारखं वाटलं तरी चालेल. वय थोडं मागेपुढे झालं तरी चालेल. चाचणीसाठी दोघांनी आपापल्या पणजोबांच्या नोंदी दिल्या, आणि गंमत म्हणून बायकोनेही तिच्या आजोबांची दिली. मग मी ठरवलं, दोघांना घरीच बोलवू. वाचनालयात पंखा आहे, आमच्या घरी छताला नुसता हुक आहे. भांडणाला जागाच नाही.

ठरल्या दिवशी दोघं आली. सोफ्याच्या दोन टोकांना, एकमेकांकडे पाठ करून बसली. बायकोने चहा दिला. मी बटण दाबलं. कॉम्प्युटरने बराच वेळ घशात काही अडकल्यासारखा आवाज केला आणि पडद्यावर आलं: डॉक्टरीणबाईंचे पणजोबा आणि पोस्टमास्तरांचे पणजोबा हे सख्खे भाऊ. आणि माझ्या बायकोचे आजोबा हे त्या भावांचे पुतणे, त्याच घरातलं शेंडेफळ.

पोस्टमास्तरांनी कप खाली ठेवला. तो बशीत न जाता माझ्या मांडीवर गेला, पण ओरडायची ती वेळ नव्हती.

"म्हणजे तू... म्हणजे तुम्ही माझी बहीण लागता?" ते म्हणाले.

"आणि मी इतकी वर्षं तुमचा पंखा बंद करत होते," बाई म्हणाल्या आणि पर्समधून रुमाल काढला.

मग दोघांनी एकदम माझ्या बायकोकडे पाहिलं. इथे एक सांगायला हवं. माझी बायको एकुलती एक. तिचे आईवडील आमच्या लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेले. मामा, काका, मावशी, कुणी नाही. भांडणात 'मी माहेरी निघून जाईन' अशी धमकी द्यायचीसुद्धा तिला सोय नव्हती. आता तिला एका फटक्यात दादा मिळाला, ताई मिळाली. डॉक्टरीणबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "दाढ दुखते का गं? इथे सूज वाटतेय." बायको हसली. आणि मग रडली. मी चहाने भिजलेली पँट झटकत मनाशी म्हटलं, वा! माझ्या हातून काहीतरी झालं.

दुसऱ्या दिवसापासून मला मेहुणे मंडळी लागली. पोस्टमास्तर सकाळीच यायचे. "आमची बहीण बादलीने पाणी भरते? आणि तुम्ही पाणीपुरवठ्यात?" असं म्हणून त्यांनी स्वतः गळका नळ बदलला, आणि मला हातात पाना धरून उभं केलं. डॉक्टरीणबाई येता-जाता "जावईबापू, आ करा," म्हणायच्या आणि सोफ्यावरच माझे दात तपासायच्या. पुढे एकदा पेपराच्या रद्दीवरून आमचं वाजलं, तेव्हा बायको पिशवी घेऊन ताठ मानेने निघाली. "मी माहेरी चालले." ती थेट दातांच्या दवाखान्यात जाऊन बसली. संध्याकाळी मी तिला आणायला गेलो तर बाई म्हणाल्या, "पाठवते, पण आधी तुमची अक्कलदाढ काढू." काढली.

आणि त्याच आठवड्यात वर्गात सर माझ्यामागे येऊन उभे राहिले.

"काका, दोन नोंदींत वयाचा फरक दहा वर्षांपेक्षा कमी असेल तर माणूस एकच धरायचा, असंच ना?"

"हो सर."

"तुम्ही इथे 'पेक्षा जास्त' असं चिन्ह दिलंय. म्हणजे वय जितकं जुळत नाही, तितकं तुमचं सॉफ्टवेअर खूश होतंय."

मी चिन्ह उलटं केलं. पुन्हा चालवून बघितलं. या वेळी कॉम्प्युटरने घसासुद्धा खाकरला नाही. 'संबंध आढळला नाही.' बाईंचा मास्तरांशी नाही. मास्तरांचा माझ्या बायकोशी नाही. कुणाचाच कुणाशी नाही.

घरी जाताना मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने गेलो. एका चिन्हाने मी माणसं जोडली होती आणि एका चिन्हाने तोडायला निघालो होतो. गप्प बसावं तर प्रोजेक्ट खोटा. बोलावं तर बायको पुन्हा एकटी. अक्कलदाढेची जागाही ठणकत होती.

बायको ओट्याशी भांडी पुसत होती. मी पाणी प्यालो. अजून एक पेला प्यालो.

"अगं, एक सांगायचं होतं. ते सॉफ्टवेअर... चुकलंय."

"कुठलं? नात्याचं?" तिने मागे न वळता विचारलं. "ते मला पहिल्याच दिवशी कळलं."

"कळलं? कसं?"

"अहो, माझे आजोबा त्या नोंदीत चार वर्षांचे होते. आणि तुमच्या पडद्यावर त्यांचा थोरला मुलगा म्हणून एक बेचाळीस वर्षांचा गवंडी दाखवला होता."

मी पेला खाली ठेवला. "मग बोलली का नाहीस?"

ती थोडा वेळ ताट पुसत राहिली. ताट कधीच कोरडं झालं होतं.

"रोज कुणीतरी दारातून 'कशी आहेस गं' म्हणत येतं," ती म्हणाली. "तुम्हीसुद्धा येता, पण तुम्ही 'चहा आहे का गं' म्हणत येता."

मीही एक ताट उचलून पुसायला घेतलं. (चहा हवा होता, पण मागितला नाही.)

शेवटी रविवारी दोघांना बोलावून मी खरं ते सांगितलं. खाली मान घालून, चिन्हासकट. नवीन निकालही दाखवला. पोस्टमास्तरांनी चष्मा वर करून पडदा वाचला. डॉक्टरीणबाईंनी चष्मा खाली करून वाचला.

"म्हणजे आता या मशीनचं ऐकून मी बहिणी सोडायच्या?" मास्तर म्हणाले. "बाई, तुमचं काय मत?"

"बाई काय म्हणतोस? ताई म्हण," डॉक्टरीणबाई कडाडल्या. मग माझ्याकडे वळल्या. "जावईबापू, जुन्या नोंदी करणाऱ्या कारकुनांनी कमी चुका केल्यात का? त्यात तुमची एक. द्या तो तुमचा फॉर्म."

आणि 'सॉफ्टवेअरबद्दल अभिप्राय' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'पहिली आवृत्ती उत्तम होती. दुरुस्तीने बिघडली.' मास्तरांनी खाली 'सहमत' असं लिहून सही ठोकली. त्या दोघांचं लेखी एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. सरांनी तो अभिप्राय दोनदा वाचला आणि मला पास केलं. अचूकतेचे गुण मात्र त्यांनी असे दिले की ते मी घरी सांगितलेले नाहीत.

पास झालो म्हणून सगळे आमच्याकडे जमले. मास्तर म्हणाले, "आता एक फॅमिली फोटो झालाच पाहिजे." मी भांग पाडून, शर्टाची वरची गुंडी लावून बायकोच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. तेवढ्यात ताईंनी माझ्या हातात कॅमेरा दिला.

"तुम्ही घ्या ना, जावईबापू. घरातलं माणूस कशाला बाहेर राहायला हवं?"

मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "हो, आणि आमचे पाय कापू नका."

तो फोटो आता आमच्या बैठकीच्या खोलीत लावलाय. येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो, आणि बायको अभिमानाने सांगते, "हे दादा, ही ताई, ही मी. माझ्या माहेरची माणसं."

"आणि कोपऱ्यात हे गुलाबी, ढगासारखं काय आलंय?"

"ते होय? ते आमचे हे," बायको म्हणते. "म्हणजे त्यांचं बोट."