गुणवंतकाकांचा टायटन

नागपूरला धरमपेठेत गुणवंतकाकांच्या घरी खोली घेतली, त्याच दिवशी त्यांनी मला खानावळीचा नकाशा काढून दिला. नकाशा फार सुरेख होता. वाटेतली कडुलिंबाची झाडंसुद्धा मोजून सात होती. फक्त पिठाच्या गिरणीपाशी रस्ता संपत होता आणि पुढे कोरा कागद. मी गिरणीपर्यंत गेलो, कोणाला विचारायची लाज वाटली, आणि उपाशी परत आलो.

"काका, पुढचा रस्ता?"

"गिरणीच्या पुढं मी कधी गेलोच नाही गा. पाह्यलं नाही, काढाचं नाही."

काकांची नोकरी सरकारी नकाशे काढण्यात गेली होती. ते निवृत्त झाले, पण हा नियम झाला नाही. एकदा त्यांनी माझं चित्र काढलं. त्यात मला कान नव्हते, कारण मी मफलर बांधून होतो.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. गावी, मौद्याला, माझे वडील सही शिकले ती माझ्या फॉर्मवर करायला. मी फिजिक्स घेतलंय हे कळल्यापासून काकांनी सगळ्या आकाशाची जबाबदारी माझ्यावर टाकली होती.

त्या हिवाळ्यात पेपरात बातमी आली. शनीच्या टायटन नावाच्या मोठ्या चंद्राजवळून एक यान गेलं होतं. सोबत फोटो होता, पण त्यात ना डोंगर ना खड्डा, नुसती गुळगुळीत भाकर. सगळीकडे नारंगी धुकं आहे, खालची जमीन दिसली नाही, असं लिहिलं होतं.

"का गा मौदेवाले, तुझ्या यानानं हे काय करून ठेवलं?"

मी जर्नल लिहीत होतो. "काका, माझं नाही ते यान."

"तीन वर्षं गेलं गेलं, अन् धुकं पाहून वापस आलं?"

"वापस नाही येत ते. जवळून जाते अन् पुढं निघून जाते."

"थांबत नाही?"

"थांबता येत नाही त्याले."

"मंग अशा जाण्याचा फायदा काय?"

आठ दिवस हेच. मी आंघोळीला बसलो तरी दारावर टकटक. "जमीन काहून नाही दिसली, विचारलं का तुझ्या सरले?" शेवटी जीव मुठीत धरून मी सरांना विचारलं आणि येऊन काकांना सांगितलं. यान टायटनच्या मागे गेलं, तेव्हा त्याचे रेडिओचे संदेश तिथल्या हवेतून गाळून इकडे आले. ते किती वाकले, किती क्षीण झाले, त्यावरून कळलं की हवा आपल्यापेक्षा दाट आहे आणि थंडी भयंकर आहे.

काकांनी पेपरातला फोटो पुन्हा जवळ ओढला. "म्हणजे तोंड नाही दिसलं, पण अंगात ताप किती, ते समजलं."

"ताप नाही काका, थंडी."

त्यांनी उठून पेटीतून एक पत्र काढलं. मुंबईहून सुनेचं होतं. सहा वर्षांपूर्वी मुलानं काकांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हा काका म्हणाले होते, पुन्हा तोंड दाखवू नको. मुलगाही बापासारखाच, त्यानं ते पाळलं. आता त्याची बदली कलकत्त्याला झाली होती. गुरुवारी दुपारी त्यांची गाडी नागपुरात थोडी थांबणार होती. 'हे उतरणार नाहीत,' सुनेनं लिहिलं होतं, 'पण मी मुन्नीला घेऊन एसी डब्याच्या दारात उभी राहीन.'

"चार वर्षांची झाली गा पोरगी," काका म्हणाले. "मी अजून पाह्यली नाही."

मग तीन दिवस मी त्यांच्याबरोबर स्टेशनवर. एसी डबा रोज कुठे थांबतो ते काकांनी पावलांनी मोजलं, फलाटाचा नकाशा काढला आणि चहाच्या स्टॉलजवळच्या खांबाशी फुली मारली. गुरुवारी माझं प्रॅक्टिकल होतं. ते बुडवून मी फुलीवर उभा राहिलो.

गाडी आली. आमच्यापुढे जनरलचा डबा.

"काका, आज डबे उलटे लागले! एसी तिकडल्या टोकाले आहे!"

"नकाशा बरोबर आहे," काका जागेवरून हलेनात.

मला रडूच यायचं बाकी होतं. त्यांचा हात धरून मी त्यांना अक्षरशः ओढत नेलं. त्यांचे गुडघे, हमालांच्या गाड्या, गर्दी. पोहोचलो तेव्हा शिट्टी झाली होती आणि दार लागलं होतं. खिडक्यांना पिवळट नारंगी काच. आत कोणीतरी हलत होतं, इतकंच. मग एका काचेवर आतून एक छोटा पंजा टेकला. काकांनी बाहेरून आपला हात त्यावर ठेवला. गाडी हलली. तीन पावलं ते तिच्याबरोबर चालले.

परतताना मी फुगलेलाच होतो.

संध्याकाळी त्यांनी हाक मारली. कागदावर एक खिडकी होती, पूर्ण नारंगी रंगवलेली. मध्ये पाच बोटांचा लहानसा पंजा. त्याच्या मागे चेहऱ्याचा नुसता गोल, आत कोरा.

"काका, डोळे तरी काढा," मी म्हणालो. "तुमच्यासारखे काढा. नातच आहे ना."

"पाह्यलं नाही, काढाचं नाही." त्यांनी आपला पंजा चित्रातल्या पंजावर ठेवला. "पण माप पक्कं आहे, पाह्य. माझ्या दुसऱ्या पेरापर्यंत येते." कोपऱ्यात, नकाशावर लिहितात तसं, त्यांनी लिहिलं होतं: प्रमाण, एकास एक.

मग हळूच म्हणाले, "बाकी काच थंडगार होती गा. तिचा हात होता तेवढीच गरम लागली."

एसी डब्याला दोन काचा असतात. एवढ्याशा वेळात एका हाताची ऊब त्यांतून बाहेर येत नाही. एवढं फिजिक्स मला येत होतं.

"लागली असंन, काका," मी म्हणालो.